कुलपाआडचं पाणी

माझं माहेर इंदूरच्या रामबागेतलं. मागच्या अंगणाच्या टोकाला संडास, आणि संडासात माणसाच्या डोक्याच्याही वर, भिंतीत रोवलेल्या दोन लोखंडी ब्रॅकेटांवर बसलेली बिडाची टाकी. टाकीच्या एका अंगाला साखळी लोंबे, साखळीच्या टोकाला चिनीमातीची मूठ. धाकट्या भावंडांचा हात पोचावा म्हणून आजोबांनी त्या मुठीला सुतळी बांधून ठेवली होती. साखळी ओढून सोडली की वर काहीतरी धाडकन आदळायचं आणि मग पाणी असं कोसळायचं की पाहुण्यांकडची लहान मुलं पहिल्या दिवशी रडतच बाहेर यायची.

त्या टाकीच्या आत एक जड घंटा असते, बिडाचीच, उपडी ठेवलेली. घंटेच्या पोटात एक उभी नळी, तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. साखळी ओढून सोडली की घंटा उचलली जाऊन खाली आदळते, तिच्या आतलं पाणी नळीच्या तोंडावरून उसळतं, आणि एकदा का ते नळीतून खाली उतरू लागलं की मागचं सगळं पाणी आपोआप ओढलं जातं. रॉकेलच्या पिंपात रबरी नळी घालून तोंडानं एकदा ओढलं की पुढे रॉकेल आपलं आपण येत राहायचं, तोच प्रकार. सायफन म्हणतात त्याला. या रचनेत टाकीच्या तळाशी उघडझाप करणारी झडप नाही, रबराची चकती नाही. पाण्याला बाहेर पडायचं तर आधी वर चढायला हवं, आणि कुणी साखळी ओढल्याशिवाय ते चढत नाही. झिजायला तळाशी काही नसल्यामुळे तळातून गळायलाही काही नाही.

बिघडायचा तो फक्त बॉल कॉक. पितळी दांडीच्या टोकाला तांब्याचा पोकळ गोळा. टाकी भरत आली की गोळा तरंगत वर येतो आणि दांडी नळाचं तोंड दाबून धरते. गोळ्याला बारीकसं भोक पडलं की त्यात पाणी शिरायचं, गोळा बुडून राहायचा आणि नळ काही केल्या बंद व्हायचा नाही. पण त्याचीही सोय करून ठेवलेली असे. टाकीच्या काठाच्या जरा खाली एक बारीक नळी बसवलेली, ती भिंतीतून आरपार मागच्या गल्लीत निघायची. जादा झालेलं पाणी तिथून बाहेर. थोड्याच वेळात कुणीतरी ओरडायचं, "अहो, तुमची टाकी वाहू लागली!" आणि ज्याच्या अंगावर पाणी पडलं असेल तो हिंदीत ओरडायचा, जरा जास्त तिखट. वडील हातातलं वर्तमानपत्र टाकून उठत. गोळा झाळून आणेपर्यंत त्यांना चैन नसे, कारण गल्लीभर बातमी झालेली असायची.

ती नळी भिंतीबाहेर काढण्यामागे हाच हेतू होता. पाणी निमूटपणे आतल्या आत सोडून देता आलं असतं. पण ते लोकांना दिसावं, कुणीतरी बोंब मारावी, म्हणून कारागिरानं भिंतीला भोक पाडलं होतं.

जुन्या टाकीचे गोडवे गायचा माझा विचार नाही. ती एका ओढीत 10-12 लिटर पाणी ओतायची, काम कितीही छोटं असो. आणि माझ्या अगदी लहानपणी तर तिच्यात पाणीच नसायचं. साखळी नुसती शोभेला, खरं काम बादलीचं. तेव्हाच्या इंदूरची तहान गंभीर नदीवरचा यशवंतसागर आणि बिलावलीसारखे तलाव मिळून भागवायचे, म्हणजे भागवू शकत नव्हते. "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर" असं माळव्याबद्दल सगळे म्हणत आले, पण शहर वाढलं तसं पावलोपावली मिळणारं ते पाणी विहिरींच्या तळाला गेलं. 1970 साली नर्मदेचं पाणी आणा म्हणून इंदूर रस्त्यावर उतरलं. 1978 मध्ये पाणी आलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. घरात पेढे वाटल्याचं मला आठवत नाही, पण साखळी कामाला लागली हे लख्ख आठवतं, कारण बादली भरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते सुटलं.

माझ्या सासूबाईंचं माहेर मंडलेश्वरचं. अगदी नर्मदेच्या काठावर वाढलेली मुलगी 1965 मध्ये लग्न होऊन इंदुरात आली आणि नळावरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिली. त्या दिवसांबद्दल त्या फारशा बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "मी पुढे आले, मैया मागून आली. तेरा वर्षं लागली तिला घाट चढायला." यात अतिशयोक्ती थोडीच आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नदीतून पाणी उचलतात, शुद्ध करतात, आणि पंपांच्या टप्प्यांनी विंध्याचा घाट चढवून वांचू पॉइंटला नेतात. तिथून पुढे ते उतारानं इंदूरकडे येतं. सत्तरएक किलोमीटरची वाट आणि अर्ध्या किलोमीटरहून जास्त उभा चढ. या चढाची वीज शहराला इतकी महाग पडते की 2023 मध्ये महापालिकेनं जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून 244 कोटींचे हरित रोखे काढले, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनाही ते विकत घेता आले. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी घेतले. "फ्लश करताना वाटतं, आपलंच भांडवल चाललंय," असं ते म्हणाले होते.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र नर्मदेचं पाणी संडासात सोडणं मुळातच पटत नाही. सुदैवानं आमच्या लोकमान्य नगरातल्या इमारतीत दोन टाक्या आहेत. नर्मदेची लाइन एक दिवसाआड येते, ते पाणी खालच्या हौदातून गच्चीवरच्या छोट्या टाकीत चढतं आणि स्वयंपाकघरात उतरतं. मोठ्या टाकीत बोरिंगचं पाणी, ते न्हाणीघर-संडासासाठी. आठ-नऊ महिने ही वाटणी टिकते. चैत्रात बोरिंग आचके देऊ लागलं की मोठ्या टाकीतही नर्मदाच सोडावी लागते, नाहीतर टँकर. तेवढ्या काळात आई संडासात जाताना हातात तांब्या घेऊन जातात आणि बटणाला हात लावत नाहीत. कोणाला उपदेश करत नाहीत, आपल्यापुरतं पाळतात.

इंदूरला एक माणूस येऊन गेला होता, त्याला आईंचं म्हणणं कदाचित पटलं असतं, निराळ्या कारणासाठी. पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा, मूळचा जीवशास्त्रज्ञ, नगररचनेकडे वळलेला. होळकर दरबारानं त्याला शहराचा आराखडा करायला बोलावलं आणि 1918 मध्ये त्यानं दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगनं पिडलेल्या शहरात त्यानं दिवाळीला स्वच्छतेची मिरवणूक काढली होती, तिच्यात प्लेगचा भलामोठा उंदीर होता, ही गोष्ट अजून सांगितली जाते. अहवालातलं त्याचं एक म्हणणं मला फार आवडतं. युरोपच्या शहरांनी एकोणिसाव्या शतकात "सगळं गटारात" हा एकच उपाय धरला, पण हिंदुस्थानातल्या खेड्यांची रीत "सगळं मातीत" ही आहे आणि तीच बरोबर, असं तो लिहितो. मैला पाण्यानं ढकलून नजरेआड करण्यापेक्षा बागांना द्यावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्डनं 1924 मध्ये संशोधनसंस्था उभारली आणि कंपोस्टची "इंदूर पद्धत" जगभर गेली. शहराच्या नळ्या मात्र गेडिसच्या उलट दिशेनंच वाढल्या, आणि लाखांच्या वस्तीत दुसरं काय होणार होतं, ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं की फ्लश ही वस्तू बनलीच नजरेआड करण्यासाठी. मग तिनं स्वतःचं दुखणंही नजरेआड करायला शिकावं, यात नवल नाही.

आता कमोडच्या पाठीशी पांढरी प्लास्टिकची टाकी असते, वर दोन बटणं. मोठ्याला 6 लिटर, छोट्याला 3. जुन्या बिडाच्या टाकीपुढे हा हिशोब फारच सोज्वळ. पण आत सायफनची घंटा गेली आणि तळाला झडप आली. मधोमध एक उभा मनोरा, त्याच्या बुडाशी सिलिकॉनची किंवा रबराची सपाट चकती, म्हणजे आपल्याकडच्या प्लंबरांच्या भाषेत वायसर. बटण दाबलं की मनोरा उचलला जातो, पाणी खाली जातं, मनोरा परत बसतो. चोवीस तास सगळं पाणी त्या एका चकतीच्या भरवशावर अडून असतं. आणि जादा पाण्याची नळी? ती आता भिंतीबाहेर जात नाही. मनोऱ्याच्या आतूनच सरळ कमोडमध्ये उतरते. वरून वाहो की खालून झिरपो, पाणी कमोडच्या मागच्या भिंतीवरून एक पातळ पदर होऊन उतरतं आणि निघून जातं. फरशी कोरडी, गल्ली कोरडी, शेजारी गप्प.

इंग्लंडात हा धोका ओळखून होते. तिथं घरातल्या संडासाला तळाशी झडप असलेली टाकी बसवायला 2001 पर्यंत परवानगीच नव्हती, सायफनच हवा. मग नियम सैल झाले, दोन बटणं आली, दर वेळचं पाणी वाचलं, आणि आता तिथल्याच पाणी कंपन्या गळक्या संडासांच्या नावानं बोटं मोडतात.

हे सगळं मला माहीत असायचं कारण म्हणजे या वर्षीचा चैत्र. बोरिंग अजून पुरतं बसलं नव्हतं, पण मोठी टाकी रात्री भरून ठेवली तरी पहाटे पातळी बरीच खाली. सेक्रेटरींनी गच्चीवर मीटिंग घेतली. मीटिंगमध्ये व्हायचं ते झालं. तळमजल्यावर कोचिंगची मुलं भाड्यानं राहतात, त्यांच्या आंघोळींवर चर्चा झाली. कुणाची कामवाली नळ सोडून भांडी घासते, कोण स्कूटर पाइपनं धुतं, हेही निघालं. एका गृहस्थांनी मीटर बसवण्याचा ठराव मांडला आणि मीटरचा खर्च कळल्यावर मागे घेतला. कोचिंगमधला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "अंकल, रात को दो बजे कौन नहाता है?" त्या वाक्यानं काम सोपं झालं. माणसं झोपलेली असताना जे वाहतं ते माणसं वापरत नसतात.

गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाजूला स्वतंत्र नळी उतरते आणि प्रत्येकीला आपला व्हॉल्व्ह असतो. रोज रात्री एकेक व्हॉल्व्ह बंद करून टाकीच्या आत पेन्सिलीची खूण करायची, सकाळी बघायचं. मागच्या बाजूची, संडासांची नळी बंद ठेवली त्या रात्री पातळी जवळपास जागेवर राहिली. त्या नळीवर खालपासून वर तीन घरं. तळमजल्यावर कोचिंगची मुलं, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकू संक्रांतीनंतर मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या. घर बंद, किल्ली आमच्या आईंकडे.

मुलांच्या आणि आमच्या घरात रंग टाकून पाहिला. याहून सोपी परीक्षा नाही. फ्लश टँकचं झाकण काढून पाण्यात खाण्याचा रंग टाकायचा, जिलबीचा केशरी चालतो, आणि अर्धा तास कुणी बटणाला हात लावायचा नाही. अर्ध्या तासानं कमोडच्या पाण्यात केशर उतरलं असेल तर कुठूनतरी पाणी जातंय. टाकीतली पातळी मधल्या नळीच्या तोंडाला टेकलेली दिसली, तर दोष बॉल कॉकचा, तोंडाच्या खाली असली तर वायसरचा. माझा भाचा रंगपंचमीच्या गेरीतला, म्हणजे मिरवणुकीतला, उरलेला हिरवा रंग घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. तो रंग कपाळावरून आठवड्यानं जातो, चिनीमातीवरून कधी जाईल सांगता येत नाही. मुलांच्या घरात पाणी नितळ राहिलं. आमच्याकडे अगदी फिकट केशर उतरलं, एवढ्यानं गच्चीवरची टाकी उतरत नाही.

राहिलं बंद घर. "तिथं कोण आहे पाणी वापरायला?" असं सेक्रेटरी म्हणाले, आणि ते चुकीचं बोलत नव्हते. आई किल्ली घेऊन निघाल्या, मी मागून.

दार उघडलं तेव्हा बंद घराचा वास आला. धूळ, डांबराच्या गोळ्या, जुनी वर्तमानपत्रं. पण अजून एक वास यायला हवा होता, तो आला नाही. कमोडच्या बुडाशी नळीला वळण असतं आणि त्या वळणात कायम पाणी साठून राहतं. 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं त्याचं पेटंट घेतलं. दोन बोटं पाणी, मापानं 50 मिलिमीटर, आणि तेवढ्या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातली हवा घरात येत नाही. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की माळव्याच्या उन्हात हा पडदा सुकत जातो आणि दार उघडताच नाक सांगतं. सासऱ्यांच्या आजारपणात आमचं स्वतःचं घर बंद होतं, तेव्हा मी तो वास घेतलेला आहे. काकूंच्या घरात संक्रांतीपासून कुणी पाऊल टाकलं नव्हतं, पाडवा होऊन गेला होता, आणि संडासाला वास नव्हता. म्हणजे कुणीतरी त्या वळणात पाणी घालत होतं.

कमोडमध्ये मागच्या भिंतीवर तांबूस-पांढरा पट्टा धरला होता आणि त्यावरून पाणी उतरत होतं. वाकून पाहिलं तरच दिसेल असं. वरून बारीक फिस्‌ असा आवाज, बॉल कॉक अखंड चालू असल्याचा.

मी भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा नळ, बंद केला, झाकण काढलं, पातळीवर पेन्सिलीची खूण केली आणि घड्याळ पाहिलं. टाकी आतून साधारण 35 सेंटीमीटर लांब, 14 रुंद. म्हणजे एक सेंटीमीटर उतरलं की जवळजवळ अर्धा लिटर गेलं. पाच मिनिटांत दहा सेंटीमीटर उतरलं. मिनिटाला एक लिटर. दिवसाचे 1440.

शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं आपल्याकडचं सरकारी माप आहे. त्यातले 45 लिटर नुसते फ्लशसाठी धरलेले, म्हणजे सरळ तिसरा हिस्सा. या मापानं त्या कुलूपबंद घरात दहा माणसं नांदत होती. मी हा हिशोब आईंना सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, कमोडकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आठवड्यापूर्वीच मोठ्या टाकीत मैया सोडली होती गं."

प्लंबर आला. चांगला मुलगा आहे, आमच्या भागातली निम्मी कामं तोच करतो. झाकणात डोकावून म्हणाला, "पूरा सेट बदल दो दीदी, टंटा खतम." सेट म्हणजे मनोरा, बॉल कॉक, बटणं सगळं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो बरोबर आहे. वायसर बदलायला जेवढा वेळ तेवढाच सेट बदलायला, आणि वायसर दोन महिन्यांनी पुन्हा गळला तर फुकटचा फेरा त्याच्याच गळ्यात. पण मनोरा धडधाकट असताना तो कचऱ्यात जावा हे मला पटेना. 2017 ते 2023 सलग सात वर्षं देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिळवलेल्या शहरात कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायची आपल्याला चांगली सवय लागली आहे, कचरा होऊच नये ही सवय अजून लागायची आहे.

बटणांभोवतीची कडी फिरवली की झाकण सुटतं. मनोरा धरून पाव वळसा दिला की तो बैठकीतून निघून हातात येतो. त्यासाठी पाना लागत नाही, पक्कड लागत नाही, फक्त आधी अँगल कॉक बंद आणि टाकी रिकामी हवी. काकूंच्या वायसराची कड लाटालाटांनी वाकली होती आणि बोटानं दाबली तर दबेना, वाळून कडक झालेली. टाकीच्या कोपऱ्यात जाळीच्या पिशवीचा सांगाडा लोंबत होता, तेव्हा कारण कळलं. परगावी जाताना संडास स्वच्छ राहावा म्हणून काकूंनी टाकीत क्लोरीनच्या वड्या सोडल्या होत्या. रोज फ्लश होत असेल तर वडीचं पाणी पातळ होऊन जातं. घर बंद असेल तर तेच कडक पाणी रबराला धरून बसतं आणि रबर मरतं. त्यात बोरिंगचं जड पाणी. चकती जिथं टेकते त्या कडेवर चुन्याची खरखरीत चढण जमली होती, तिच्यावर नवा वायसरही नीट बसला नसता.

ती चढण काढायला चाकू लावायचा नाही. प्लास्टिकवर ओरखडा उमटला की पाण्याला कायमची वाट मिळते. संडास धुवायचं तेजाबही नाही. कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून फडकं भिजवलं आणि कडेवर गुंडाळून ठेवलं. चुना आपोआप फुलून सुटला. आई शेजारी स्टुलावर बसून होत्या. पापडखार, लिंबूसत्व असल्या वस्तूंवर त्यांचा विश्वास आहे, प्लंबरवर नाही.

वायसर मिळवणं हे दुरुस्तीपेक्षा मोठं काम. प्रत्येक कंपनीचा व्यास निराळा, जाडी निराळी, आणि त्याच कंपनीनं चार वर्षांत रचना बदललेली. सियागंजात एका बोळकांडीवजा दुकानात गेले. दुकानदारानं वर न बघता विचारलं, "नमूना लाए हो?" मी पिशवीतून जुना वायसर काढला. त्यानं तो दोन बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला आणि मागच्या खणांपैकी एक ओढून हुबेहूब तसाच समोर टाकला. वीस रुपये. "सेट नहीं लोगे? सेट में गारंटी है." मी नको म्हटल्यावर त्यानं दुसरा एक वायसर तसाच पुड्यात घातला आणि म्हणाला, "एक रख लो आंटी, ये माल अब कम आता है." विकायची युक्ती असेल, पण मी घेतला. आमच्या फिकट केशराला तो लागला.

बॉल कॉकच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही काढून धुतली. नळ येतात तेव्हा पहिल्या लोटाबरोबर रेती आणि गंजाच्या खपल्या येतात, त्या तिथं अडकतात. मग तरंगाचा स्क्रू फिरवून पाण्याची पातळी मधल्या नळीच्या तोंडापासून बोटभर खाली आणली. एवढं झालं की टाकी भरल्यावर आवाज थांबतो. तळमजल्यावर तो पटकन थांबतो, आमच्याकडे जरा उशिरा, आणि काकूंकडे तर टाकी भरायला बराच वेळ लागला, कारण गच्ची जवळ आणि पाण्याला दाब कमी. दहा मीटर उंचीला एक बार दाब, हा साधा हिशोब. सगळ्या मजल्यांना एकच माप बसवणाऱ्या बिल्डरला तो ठाऊक असतो, पण वेगवेगळे बॉल कॉक कोण बसवणार?

त्यानंतर केशरी रंगाची डबी इमारतभर फिरली. पुढच्या नळीवरच्या एका घरात मधल्या नळीतून पाणी वाहत होतं, एका घरात वायसर. दोन्ही घरांतली माणसं रोज ते कमोड वापरत होती. ज्यांनी मीटरचा ठराव मांडला होता त्यांनी स्वतः स्टूल घेऊन झाकण उघडलं आणि आत पाहून म्हणाले, "हे एवढंच असतं होय?" मला त्यांचं हे वाक्य आवडलं. वीस-वीस वर्षं आपण त्या झाकणावर फिनेलची बाटली ठेवतो, आत काय आहे ते बघत नाही.

संध्याकाळी पुण्याला फोन केला. काकूंना आधी काळजी वाटली ती घरात पाणी साचलं का याची. नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं. "अगं, मी तर जाताना सगळे नळ तपासले होते. गॅस बंद, मेन स्विच बंद. तिथं काय बंद करायचं असतं?" प्रश्न खरा होता. अँगल कॉक कमोडच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीला चिकटलेला. घर लावताना प्लंबर तो उघडतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही. कित्येकांचे तर इतके जाम झालेले असतात की गरजेला फिरत नाहीत. वर्षातून दोनदा उगीचच बंद-उघड करायला हवेत.

पुढच्या मीटिंगमध्ये ठरलं की घर बंद करून जाणाऱ्यानं अँगल कॉक बंद करून जायचं, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्यानं खात्री करायची. आमच्या इमारतीत निम्म्या घरांची मुलं पुण्या-बंगळुरात आहेत, वर्षातले काही महिने एखादं तरी घर कुलपात असतंच. ठराव झाला आणि आईंनी शंका काढली: कॉक बंद केला तर वळणातलं पाणी सुकणार, मग वास वर येणार, त्याचं काय? सेक्रेटरी माझ्याकडे पाहू लागले. त्यावर उपाय आहे. महिन्यातून एकदा कमोडमध्ये आणि न्हाणीघराच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडायचं. तेलाचा पदर वर तरंगतो, पाणी सावकाश उडतं.

हे काम आईंनी स्वतःकडे घेतलं. काकूंचा मुक्काम पुण्यात लांबला आहे, नातू रांगायला लागला म्हणतात. दर महिन्याच्या एकादशीला आई किल्ली, तांब्या आणि तेलाची वाटी घेऊन वर जातात. पावसानंतर बोरिंग पुन्हा वर आलं आहे, आणि तांब्या बोरिंगच्याच नळाखाली भरला जातो आहे ना, हे त्या दर वेळी मला विचारून घेतात.